काम तेच, वाया जाणे कमी

चंद्रपूर-गडचिरोलीकडे तेंदूपानाचे काम माहीत नाही असे घर क्वचितच सापडेल. हंगाम थोड्या दिवसांचा. एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात पान तयार होते आणि दोन-तीन आठवड्यांत सगळे उरकावे लागते. पहाटे अंधारात घर सोडायचे, ऊन चढेपर्यंत पाने तोडायची, ओझे डोक्यावर घेऊन परतायचे. मग घरची सगळी माणसे, म्हातारी आजीसुद्धा, पुडके बांधायला बसतात. एका पुडक्यात ७० पाने. संध्याकाळी ते पुडके फळीवर नेऊन मोजून द्यायचे. पैसे मिळतात ते पुडक्यांचे. चालण्याचे, वाकण्याचे, शोधाशोधीचे पैसे कोणी देत नाही.

आता एक हिशेब करू या. पाटी-पेन्सिल घ्या. समजा एका घराने दिवसभरात ७,००० पाने तोडली. सगळी चांगली असली तर १०० पुडके झाले. पण दहा पानांत एक पान फाटके, किडके नाहीतर फार कोवळे निघाले, तर ७०० पाने घरी निवडून फेकावी लागतात. म्हणजे १० पुडके गेले. ती ७०० पाने कोणीतरी वाकून तोडली होती, डोक्यावरून वाहून आणली होती, पुन्हा एकदा हातात घेऊन पारखली होती. तीन वेळा मेहनत झाली आणि हाती काय आले? अंगणातला कचरा.

हेच पान झुडपापाशीच पारखले तर? बोट पानावर पडते तेव्हा डोळाही पडला पाहिजे. किडके पान तिथेच राहू द्यावे. पहिले दोन दिवस हात थोडा हळू चालतो, मग सवय होते. काम तेवढेच राहिले, पण वाया जाणारे काम कमी झाले. आजचा आपला धडा याच गोष्टीचा आहे.

मोठमोठ्या कारखान्यांत या विचाराचे शास्त्र झाले आहे. ते जपानात वाढले आणि त्याची एक मुळी हातमागापर्यंत जाते. नागभीड, आरमोरीकडे कोशाचे कापड विणणारी घरे आहेत, त्यांना ही गोष्ट लवकर कळेल. जपानात साकिची टोयोडा नावाचा एक माणूस १८६७ साली जन्मला. बाप सुतार. आई मागावर कापड विणायची. तिचे कष्ट पाहून मुलाने १८९० साली लाकडी मागात सुधारणा केली. तिथे तो थांबला नाही. सुधारणा करता करता १९२४ साली त्याने असा यंत्रमाग तयार केला की एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबायचा.

यात एवढे काय, असे तुम्ही म्हणाल. पूर्वी धागा तुटला तरी यंत्र चालूच राहायचे. कोणाच्या लक्षात येईपर्यंत हातभर कापड खराब होऊन जायचे. म्हणून मागाजवळ सारखे माणूस उभे ठेवावे लागे. आता चूक झाली की माग थांबू लागला, तेव्हा एक माणूस पुष्कळ माग सांभाळू लागला. चूक लपून राहायला नको, ती झाल्या जागीच थांबली पाहिजे, हे त्या मागाने शिकवले. किडक्या पानाची गोष्ट हीच, नाही का?

साकिचीच्या मुलाने, किइचिरोने, १९३७ साली मोटारींचा कारखाना काढला. तीच टोयोटा कंपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान खंक झाला होता. गोदामे भरून माल ठेवायला पैसा नव्हता. तेव्हा ताइइची ओनो नावाच्या कारभाऱ्याने नियम घातला, की पुढच्याला लागेल तेवढेच आणि लागेल तेव्हाच मागच्याने करायचे. आपल्या घरात पाहा. तोडणारे दोघे भराभर ओझी आणून टाकतात आणि बांधणारी एकटी आजी. रात्री ढीग तसाच राहतो. सकाळपर्यंत पान सुकते, कडक होते, घडी घालताना तडकते. जास्त तोडल्याने जास्त मिळाले नाही. बांधून होईल तेवढेच तोडावे, नाहीतर तोडणाऱ्याने थोडे लवकर परतून बांधायला बसावे.

लवकर परतण्याला आणखीही एक कारण आहे, आणि ते पैशाहून मोठे आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. झुडपात वाकलेल्या माणसाला मागचे दिसत नाही. एक खेप वाचली तर नुसते पाय वाचतात असे नाही. आमच्या मते तेंदूच्या कामात सुधारणा करायची तर पहिला हिशेब याचा करावा. किती वेळ जंगलात, किती जणी सोबत, उजाडायच्या आधी निघायची खरेच गरज आहे का? चार पुडके कमी झाले तरी चालतील.

ओनोची आणखी एक रीत सांगण्यासारखी आहे. काही बिघडले की तो पाच वेळा "का?" विचारायला लावी. शाळेत पोरे असे विचारू लागली की मास्तर वैतागतात, पण यात फार अर्थ आहे. समजा फळीवर आपले वीस पुडके नापास झाले. का? पाने तडकली होती. का तडकली? रात्री बांधायची राहिली, सकाळी बांधली. का राहिली? बांधायला वाख संपला. का संपला? हंगामाआधी पळसाच्या मुळ्या आणून, कुटून वाख करून ठेवला नव्हता. का ठेवला नव्हता? बापाला वाटले लेक करील, लेकीला वाटले भाऊ करील.

पाहा बरे! पहिल्या "का"वरच थांबलो असतो तर फळीवाल्या मुन्शीशी भांडून घरी आलो असतो. दुसऱ्यावर थांबलो असतो तर आजीवर ओरडलो असतो. पाचव्यापर्यंत गेलो तेव्हा दोष कोणा एका माणसाचा राहिला नाही. एक काम नेमून द्यायचे राहिले होते, एवढेच निघाले. ते चैत्राआधी नेमून दिले की झाले.

पाहत राहणे हेही एक काम आहे. ओनो म्हणे जमिनीवर खडूने गोल काढी आणि नव्या माणसाला त्यात उभा करून सांगे, इथून पाहा. तासन् तास पाहायचे, कुठे माणूस ताटकळतो, कुठे वस्तू दोनदा उचलली जाते. आपल्याकडे कोणी गोल काढून दिला नव्हता, तरी असा पाहणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. जमीन दीड एकर, शिक्षण प्राथमिक शाळेतले. १९८३ साली धानाच्या बांधीत त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर सगळ्यांबरोबर कापून मोकळा झाला असता. त्यांनी त्या वेगळ्या काढून ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. पाच-सहा वर्षे हे चालले. त्यातून बारीक, खायला गोड असा तांदूळ निघाला. त्या काळी एचएमटी घड्याळाचे फार नाव होते, तेच नाव या धानाला पडले. पुढे त्यांनी आणखीही वाण काढले. दादाजी २०१८ साली वारले. एचएमटी तांदूळ आज दूरदूर खाल्ला जातो, पण दादाजींच्या घरची गरिबी त्या तांदळाने हटवली नाही, हेही सांगितले पाहिजे. सुधारणा कोणी केली आणि पैसा कोणाच्या गाठीला गेला, हा प्रश्न आम्ही पुढे घेणार आहोत.

त्याआधी एक लहान गोष्ट. वस्तूला जागा हवी. घरोघर सकाळी ओरडा असतो, "विळा कुठं हाये? दोरी कोणं नेली?" शाळेच्या बागेसाठी आमच्याकडे फावडी, कुदळी, घमेली होती. आम्ही भिंतीवर खिळे ठोकले आणि प्रत्येक अवजारामागे गेरूने त्याचाच आकार काढून ठेवला. संध्याकाळी भिंतीकडे पाहिले की रिकामा आकार लगेच दिसे. पहिलीतला पोरगाही सांगे, "गुरुजी, कुदळ आली नाही." लिहायला-वाचायला न येणाऱ्यालाही खूण वाचता येते. मुंबईचे डबेवाले असेच करतात. १८९० पासून हे काम चालू आहे. डब्यावर रंग, अक्षरे, आकडे यांच्या खुणा असतात. एक डबा चार हातांतून जातो, पण खूण पाहून बरोबर माणसापुढे पोचतो. त्यातले पुष्कळ जण फार शिकलेले नाहीत.

आता तो राहिलेला प्रश्न. काम सुधारले, मेहनत वाचली, तर फायदा कोणाचा? मालकाने पाहिले की दहा माणसांचे काम आठांत होते, आणि त्याने दोघांना घरी बसवले, तर पुढच्या वेळी कोणता मजूर आपणहून सुधारणा सुचवील? तो गप्पच बसेल आणि बसावेच त्याने. सुधारणा सुचवणाऱ्याची भाकरी सुटणार नाही, एवढा भरवसा आधी पाहिजे. पुस्तकांत हा भाग फार थोडक्यात उरकतात. आम्हांला तोच पाया वाटतो.

म्हणून आपल्या गावांतली गोष्ट जास्त मोलाची आहे. गडचिरोलीत आता पुष्कळ ग्रामसभा तेंदूपानाचा लिलाव स्वतः करतात. तिथे वाचलेला पैसा गावातच राहतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि आपला बांबू ते आपण विकू लागले. पण त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून त्या गावात अभ्यासगट बसत आले आहेत. एखादा विषय घ्यायचा, बोलायचे, जाऊन पाहायचे, मग ग्रामसभेत सगळ्यांचे एकमत होईपर्यंत थांबायचे. बहुमताने उरकून टाकायचे नाही.

मधाचेच पाहा. आग्या मोहोळाचा मध काढायचा म्हणजे रात्री टेंभा पेटवायचा, माशा जाळायच्या आणि अख्खे पोळे पिळायचे, अशी जुनी रीत. मधात अळ्याही पिळल्या जात. मेंढ्यात या विषयाचा अभ्यास झाला. अंगभर कपडा घालून जायचे, मधाचा भाग तेवढा कापून घ्यायचा, अळ्यांचा भाग तसाच ठेवायचा, अशी रीत लोक शिकले. मध स्वच्छ मिळतो आणि माशा जिवंत राहतात म्हणून त्याच पोळ्यात पुन्हा भरतो.

तेंदूचेही असेच एक काम आपल्या हाती आहे. नवे पान चांगले फुटावे म्हणून काही ठिकाणी जंगलात आग लावतात. त्यात मोहाची, चारोळीची रोपे जळतात, पाखरांची घरटी जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची खुटकटाई केली तर सुमारे दीड महिन्यात तसेच कोवळे, रुंद पान येते. त्याला मजुरी लागते हे खरे. पण ती मजुरी गावातल्याच हातांना मिळते. पुढच्या हंगामाआधी आपल्या ग्रामसभेत हा विषय काढा. खुटकटाई कोणत्या भागात, कोणत्या आठवड्यात, कोण करणार हे ठरवा, आणि ठरलेले वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवा. मागच्या वर्षी फळीवर किती पुडके नापास झाले तो आकडाही शेजारी लिहा. पुढच्या वर्षी त्याच पानावर नवा आकडा लिहायला जागा सोडा.