तळ्यातले पाणी कोण पिते?
(फळबागेची एक दिवसाची सहल)



दसरा झाला, सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन झाला, की सहलीचे वेध लागतात. किल्ले झाले, लेणी झाली, धरणेही पाहून झाली. या खेपेला एखाद्या फळबागेत जा. पेरू खायला मिळतील हा लाभ आहेच. परंतु पिशवीत डब्याबरोबर आणखी थोडे सामान घ्या : दोन सारखे तापमापी, मलमलीची चिंधी, एक मापनपात्र, पॉलिथीनची स्वच्छ पिशवी, दोरा, मोजपट्टी, घड्याळ आणि वही. हे सामान कशासाठी, ते सांगण्यापूर्वी एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील मुलांना घेऊन मी राहात्याकडच्या एका डाळिंबाच्या बागेत गेलो होतो. मालकाने प्रेमाने बाग दाखवली आणि शेवटी शेततळ्याच्या काठावर नेले. मागल्या वर्षी त्याचे तळे काठोकाठ भरले होते. पाचशे झाडांना पुरून उरेल, असा त्याचा हिशेब होता. पण फळे भरण्याच्या ऐन वेळी तळ्याने तळ गाठला. पुढे टँकर आणून पाणी दिले, तर आधी ताण बसलेली फळे एकदम पाणी मिळताच तडकली. तो मला म्हणाला, "सर, तळ्याला कागद अंथरलाय, थेंबभर झिरपत नाही. मोजून ठिबकनं पाणी देतो. मग माझं पाणी झाडं पितात का ऊन पितं, तेवढं सांगा."

बाष्पीभवन हा धडा मी अनेक वर्षे शिकवत होतो. पण या साध्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे उभ्या उभ्या देता आले नाही. आजच्या सहलीत ते आपण दोघे मिळून शोधू.

मिलिमीटरचा लिटर

आपला अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) पाण्याच्या बाबतीत मोठा विषम आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावरील घाटघर, रतनवाडी या भागांत वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेच ढग डोंगर ओलांडून पूर्वेला उतरू लागले, की हवा खाली येताना तापते, कोरडी होते आणि पाऊस आटतो. त्यामुळे जिल्ह्याचा बराच मोठा भाग पाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागवतो.

मिलिमीटर हे तर लांबीचे माप. मग त्यात पाणी कसे मोजतात? एक चौरस मीटर फरशीवर एक मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर पसरला आहे अशी कल्पना करा. त्याचे घनफळ १०० × १०० × ०.१ = १००० घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक लिटर! एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पडणाऱ्या पावसाला ते जसे लागू आहे, तसेच उडून जाणाऱ्या वाफेलाही.

पहिला मुक्काम : वेधशाळा

नगरहून मनमाड रस्त्याने निघालो, की राहुरीच्या अलीकडेच महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागते. ते १९६८ साली स्थापन झाले. बाजारात लालभडक 'भगवा' डाळिंब दिसते ना, तो वाण याच विद्यापीठाने दिला. शाळेमार्फत आधी पत्र पाठवून परवानगी काढा आणि तिथली हवामान वेधशाळा पाहा. वेधशाळेत लाकडी चौकटीवर सुमारे सव्वा मीटर व्यासाचे, पाव मीटर खोलीचे एक गोल पात्र उघड्यावर ठेवलेले दिसेल. हे बाष्पीभवन-पात्र होय. त्यात पाणी भरतात आणि दररोज ठरावीक वेळी पातळी किती मिलिमीटर घटली ते मोजतात. वर तारेची जाळी असते; पाखरांनी पाणी पिऊन हिशेब चुकवू नये म्हणून!

पात्र लहान असल्याने ते चारी बाजूंनी तापते. म्हणून मोठ्या तळ्यातून उडणारे पाणी पात्रातल्यापेक्षा कमी, साधारणपणे त्याच्या ०.७ पट धरतात.

आता तुमचे स्वतःचे यंत्र काढा. एका तापमापीच्या फुग्याभोवती ओली चिंधी गुंडाळा. दुसरा कोरडा ठेवा. दोन्ही सावलीत धरा, वहीने थोडा वारा घाला आणि तीन-चार मिनिटांनी वाचन घ्या. ओला तापमापी कमी तापमान दाखवील. चिंधीतले पाणी वाफ होताना लागणारी उष्णता फुग्यातूनच ओढून घेते. ही सुप्त उष्णता किती मोठी असते पाहा. एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३१५ किलोज्यूल लागतात. पण तेच एक लिटर पाणी तापवल्यावाचून, साध्या हवेच्या तापमानालाच वाफ करून उडवायला जवळजवळ २,४५० किलोज्यूल लागतात. म्हणजे सुमारे आठपट! हवा जितकी कोरडी, तितके पाणी भराभर उडते आणि दोन तापमापींतील फरक तितका मोठा. हे वाचन रस्त्याच्या कडेला आणि नंतर बागेच्या मध्यभागी, असे दोन ठिकाणी घ्या. फरक कुठे कमी येतो? कारण थोड्याच वेळात कळेल.

दुसरा मुक्काम : द्राक्षाचा मळा

फ्रान्स-इटलीत सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे द्राक्षांच्या काढणीचा हंगाम. आपल्याकडे ऑक्टोबरात द्राक्षमळ्यात गेलात, तर घड सोडाच, पानेही फारशी दिसणार नाहीत. तारांच्या मांडवावर उघड्या काड्या आणि हातात कात्र्या घेतलेली माणसे दिसतील. ही ऑक्टोबर छाटणी. एप्रिलच्या खरड छाटणीने नव्या काड्या येतात. ऑक्टोबरच्या छाटणीने त्या काड्यांवरील डोळे फुटून घड येतात. म्हणून आपली द्राक्षे जानेवारीपासून पुढे पिकतात, कोरड्या हवेत.

आता प्रयोग. पाने असलेली एखादी डहाळी मालकाला विचारून निवडा. तीवर पॉलिथीनची पिशवी चढवून तोंड दोऱ्याने घट्ट बांधा आणि अर्ध्या-पाऊण तासाने पाहा. पिशवी आतून धुक्यासारखी होईल आणि थेंब ओघळू लागतील. पानांच्या खालच्या बाजूस सूक्ष्म पर्णरंध्रे असतात. त्यांच्यातून झाड सतत पाण्याची वाफ बाहेर टाकते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी अगदी थोडा भाग झाडाच्या अंगात राहतो. बाकीचे पानांतून हवेत जाते. बागेतली हवा गार व दमट का, हे आता ध्यानात आले ना? मग छाटणी केलेला वेल पाणी कमी का मागतो, याचे उत्तर तुम्हीच द्या.

तिसरा मुक्काम : डाळिंब आणि पेरू

कोल्हारला प्रवरा ओलांडून पुढे राहात्याकडे गेलो, की रस्त्याच्या कडेला पेरूच्या पाट्या दिसू लागतात. इथल्या शेतकऱ्याला एक विद्या येते : झाडाला पाणी तोडून फुलवणे. काही आठवडे पाणी बंद ठेवले, की झाडाची वाढ थांबते, पाने पिवळी पडून गळतात आणि अन्न काड्यांत साठते. याला 'ताण देणे' म्हणतात. मग पाणी सोडले, की नवी पालवी आणि फुले एकदम येतात. ज्या सुमारास फुले धरायची त्यावरून बहराचे नाव : जून-जुलैचा मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार आणि जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार. पहिली दोन नावे पावसाच्या नक्षत्रांवरून आली. तिसरे आंब्याच्या मोहराच्या काळावरून.

कोणता बहार धरावा, हा खरे तर पाण्याच्या हिशेबाचा प्रश्न आहे. मृगाच्या फळांना पावसाचे पाणी मिळते, पण दमट हवेत डाळिंबावर तेल्यासारखे रोग बळावतात. आंबे बहाराची फळे भर उन्हाळ्यात वाढतात. तिथे पाणी हमखास हवे. हस्त बहाराला कोरडी हवा मिळते, फळाला रंग चांगला येतो. पण ताणाच्या वेळी पाऊस पडला तर ताणच बसत नाही, आणि पुढे संपूर्ण भिस्त साठवलेल्या पाण्यावर. आपला तो शेतकरी याच हस्त बहारात फसला होता.

इथे ठिबकची तपासणी करा. तासाला ४ लिटर देणाऱ्या तोटीखाली मापनपात्र धरून घड्याळ लावा. तीन मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी जमले पाहिजे. मग त्याच नळीच्या शेवटच्या तोटीखाली धरा. बऱ्याचदा तिथे पाणी कमी भरते, कारण नळीतून वाहताना घर्षणामुळे दाब घटतो. शिवाय तोटीत क्षारही अडकतात. दोन्ही आकडे बागवानाला अवश्य दाखवा. त्याच्या ते उपयोगी पडतील.

आता हिशेब

शेततळे काठावर ३० × ३० मीटर, तळाशी २४ × २४ मीटर आणि ३ मीटर खोल आहे असे समजू. 'मागेल त्याला शेततळे' या २०१६ सालच्या योजनेतील हा मोठा आकार. त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते.

झाडे ५००. प्रत्येकाला सरासरी रोज २० लिटर धरू. झाले १०,००० लिटर. २२ लाखांना दहा हजारांनी भागले, तर तळे २२० दिवस पुरेल. बहराला हवेत सुमारे १८०. शेतकरी निश्चिंत!

पण तळ्यावर झाकण नाही. पाणी उतरते तसा पृष्ठभाग आक्रसतो, म्हणून सरासरी क्षेत्र ७३० चौरस मीटर घेऊ. थंडीत बाष्पीभवन कमी, मार्च-एप्रिलात बरेच अधिक. सरासरी रोज ५ मिलिमीटर धरू. आपल्या सूत्राप्रमाणे ७३० × ५ = ३,६५० लिटर रोज हवेत! एकूण खर्च १३,६५० लिटर. आता भागाकार पुन्हा करा. उत्तर १६१ दिवस. तळे एकोणीस दिवस आधीच कोरडे पडले, आणि तेही फळ भरण्याच्या शेवटच्या दिवसांत.

म्हणजे झाडांनी तीन घोट घेतले, की ऊन एकाहून थोडा जास्तच घोट घेते. हे उचलायला सूर्य किती शक्ती खर्च करतो? ३,६५० लिटरला सुमारे ८९ लाख किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ अडीच हजार युनिट विजेइतकी ऊर्जा, तीही दररोज. आवाज नाही, धूर नाही, म्हणून ती चोरी दिसत नाही.

मग करावे काय?

बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते, खोलीवरून नव्हे. म्हणून तेवढेच पाणी पसरट तळ्यापेक्षा खोल तळ्यात अधिक टिकते. घरी पडताळून पाहा : एक पेला पाणी ताटलीत आणि एक पेला बाटलीत घालून दिवसभर उन्हात ठेवा. तळ्यावर शेडनेट किंवा तरंगते आच्छादन घालणे, वाऱ्याच्या बाजूला झाडांची रांग लावणे, हेही उपाय आहेत. झाडाच्या बुंध्याशी पाचट पसरले, की मातीतून उडणारे पाणी वाचते. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आधी हिशेब : त्या तळ्यावर पाचशेऐवजी चारशे झाडांचा बहार धरला असता, तर रोजचा खर्च ११,६५० लिटर झाला असता आणि पाणी सुमारे १८९ दिवस पुरले असते.

पुढल्या वर्षी मी त्या शेतकऱ्याला हा भागाकार कागदावर मांडून दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे ऊन पण माझ्या वाट्यात धरायचं." याहून नेमके उत्तर मला सुचले नसते.

सहलीला जाताना एवढे पाळा : विचारल्याशिवाय फळ तोडू नका, नुकतीच फवारणी झाली असेल तर झाडांना हात लावू नका, तळ्याच्या प्लॅस्टिकवर पाय निसरतो म्हणून काठापासून दूर राहा. आणि परत आल्यावर एक उदाहरण सोडवा. तळे तेच, झाडे तीच पाचशे, पण बहार आंब्याचा. बाष्पीभवन सरासरी ८ मिलिमीटर आणि दर झाडाला ३० लिटर धरा. भरलेले तळे किती दिवस पुरेल? उत्तर काढा, आणि तुमच्या ओळखीच्या एखाद्या बागवानाला ते बरोबर वाटते का, हे त्यालाच विचारा.