दुसऱ्या फिटिंगचे पैसे

चि. मुक्ता,


पहिल्या पगारातून पायाच्या मापाचे चामड्याचे बूट शिवून घ्यायचे ठरवलेस, हे वाचून फार बरं वाटलं. भूगर्भशास्त्राचं काम हे पायांचं काम आहे. वर्षातले सहा-सात महिने तू घाटमाथ्यावरच्या बेसाल्टवर चढ-उतार करणार, तेव्हा हा खर्च कुणी चैनीचा म्हटला तर मनावर घेऊ नकोस. तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. परदेशातल्या नावाजलेल्या कारखान्याला पावलाची आकृती आणि आकडे पाठवून बूट मागवायचे, किंवा पुण्या-मुंबईतल्या एखाद्या कारागिराकडे जाऊन शिवून घ्यायचे. कातडं, शिलाई आणि नाव या तिन्ही बाबतींत पहिली वाट सरस दिसते, हे मला मान्य आहे. तरी माझं मत दुसऱ्या वाटेला आहे, आणि ते का हे जरा सविस्तर लिहितो.

बूट पायावर शिवत नाहीत, कलबुतावर शिवतात. कलबूत म्हणजे पावलाच्या आकाराचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा. वरचं कातडं ओलसर करून त्याच्यावर ताणतात, बारीक खिळ्यांनी तात्पुरतं पक्कं करतात आणि आकार धरेपर्यंत तसंच ठेवतात. घाई नसलेला कारागीर त्याला काही दिवस देतो. कलबूत काढून घेतल्यावर आत जी पोकळी उरते, तिच्यात तुझा पाय जायचा असतो. कातडं कितीही उंची असो, ती पोकळी चुकली की बूट दुसऱ्याच कुणाचा झाला. आता ‘मापाचे बूट’ या एका नावाखाली दोन निराळे व्यवहार चालतात, ते नीट ओळख. एकात गिऱ्हाइकाच्या पायासाठी कलबूत नव्याने कोरतात. लंडनमधली जॉन लॉबची जुनी पेढी हेच करते, म्हणून तिथे महिनोन्महिने थांबावं लागतं आणि किंमत हजारो पौंडांत जाते. दुसऱ्यात कारखान्याकडे असलेल्या तयार कलबुतांतून तुझ्या आकड्यांना सगळ्यात जवळचं कलबूत निवडतात, फार तर चवड्यावर किंवा पावलाच्या पाठीवर कातड्याचा तुकडा चिकटवून ते थोडं फुगवतात. हा दुसरा प्रकार खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पुष्कळांचं त्यात भागतं. पण तू लिहिलेल्या किमतीत परदेशातून हा दुसराच प्रकार मिळणार, आणि तोही एकदाच, चुकला तर दुरुस्तीची सोय नसलेला.

चुकण्याची शक्यता किती, हे कळायला नंबर कसे ठरतात ते बघ. इंग्रजी नंबर एक तृतीयांश इंचाने, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढतो. हे अंतर मुळात सातूच्या दाण्याच्या लांबीवरून आलं आहे. (आपल्याकडेही अंगुळ यवांनीच मोजायची रीत होती.) युरोपीय नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरने वाढतो. दोन्ही नंबर फक्त लांबी सांगतात. चवड्याचा घेर, पावलाच्या पाठीची उंची, टाचेची रुंदी यांबद्दल ते काहीच बोलत नाहीत, आणि एकाच लांबीत तीन-चार रुंद्या ठेवणारं दुकान आपल्याकडे सहसा सापडत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. भारतीयांची पावलं युरोपीय आणि अमेरिकी पावलांपेक्षा साधारणपणे रुंद असतात, हे त्यातून पुढे आलं. त्याच आधारावर ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. म्हणजे परदेशी कलबुतावरचा बूट आपल्या चवड्याला आवळतो ही निव्वळ तक्रार नाही. मग माणूस करतो काय, तर एक नंबर मोठा घेतो. चवडा सुटतो, पण टाच सैल पडते. चढताना टाच वर-खाली घासून फोड येतात, आणि उतारावर अख्खं पाऊल पुढे घसरून अंगठा टोकावर आदळतो; गडावरून उतरलेल्यांची काळीनिळी नखं बहुतेक वेळा यामुळेच असतात. बायकांच्या पावलात चवड्याच्या मानाने टाच अरुंद असते, त्यामुळे तुझ्या बाबतीत हा घोळ जास्तच. आपली जुनी परंपरा उघड्या पायताणाची आहे, हेही विसरू नकोस. कोल्हापुरी चप्पल दोन्ही बाजूंनी मोकळी असते, बोटं बाहेर डोकावली तरी ती सांभाळून घेते. ‘जरा मोठीच घे, चालेल’ ही सवय आपल्याला तिथून लागली. चहूकडून बंद असलेल्या बुटाला ती लावली की पायाचे हाल होतात.

यावर तू म्हणशील की, मग अचूक आकडे पाठवले की झालं. इथेच खरी अडचण आहे. पावलाला एक ठरलेलं माप नसतं. उभं राहिल्यावर भाराने पाऊल लांब आणि रुंद होतं, दिवसभर चालल्यावर फुगतं, आणि डावं-उजवं बहुतेकांचं सारखं नसतं. आकृती काढताना पेन्सिल अगदी उभी धरावी लागते. ती आतल्या बाजूला कलली तर रेघ पावलाखाली सरकते आणि कागदावरचं पाऊल खऱ्यापेक्षा अरुंद उमटतं. बाहेर कलली तर उलट. टेप चवड्याच्या सगळ्यात रुंद भागाभोवती फिरवायचा, म्हणजे अंगठ्याच्या मुळाचं हाड आणि करंगळीच्या मुळाचं हाड यांवरून. ही दोन हाडं एका रेषेत नसतात, म्हणून टेप तिरका जातो. तो सरळ ओढला की आकडा चुकलाच. घोट्यापर्यंतच्या बुटाला टाचेच्या टोकापासून पावलाच्या वळणावरून फिरवलेला घेरही लागतो, कारण पाऊल त्या गळ्यातूनच आत शिरतं. जाणता कारागीर टेप फिरवताना बोटांनी दाबून बघतो की मांस किती आणि हाड किती, कारण मांस दाब सोसतं, हाड सोसत नाही. हे कुठल्याच रकान्यात भरता येत नाही. त्रिमितीय स्कॅनने आकृती बिनचूक येते, हे खरं. पण स्कॅनला आकार कळतो, दाब कळत नाही. चालताना तुला कुठे किती घट्ट हवं, हेही त्याला सांगता येत नाही.

म्हणून माझा सगळा भर दुसऱ्या फिटिंगवर आहे. पहिलं माप हा अंदाज असतो. तळ पक्का शिवण्याआधी बूट पायात घालून उभं राहायचं, जिना चढायचा, उतरायचा, आणि कुठे लागतं ते बोट ठेवून सांगायचं. मग कारागीर कलबुतावर तुकडा चढवतो किंवा ते थोडं तासतो आणि कातडं पुन्हा ताणतो. काही नामांकित कारागीर तर आधी हलक्या कातड्याचा चाचणीचा बूट करतात आणि आत बोटं कुठे टेकतात ते बघायला तो सरळ कापतात. ‘कातडं वापरून सैल होतंच की’ हा आक्षेप निम्माच खरा आहे. रुंदीत ते थोडं सुटतं. लांबीत वाढत नाही, आणि सैल पडलेली टाच तर कधीच आवळत नाही. त्यामुळे चवड्याला किंचित घट्ट बूट मी स्वीकारीन; आखूड बूट, किंवा टाच उचलली जाणारा बूट, कारागिराने कितीही समजावलं तरी घेऊ नकोस.

इथला कारागीर महागड्या परदेशी कारखान्याच्या तोडीचं कातडं वापरणार नाही, ही तुझी शंका रास्त आहे. पण ती सोडवता येते, कारण कातडं तू स्वतः हाताळून निवडू शकतेस. वरचा थर घासून, वर रंगाचा जाड लेप चढवलेलं कातडं आरशासारखं एकसारखं दिसतं. अंगठ्याने दाबलं तर जाड, ताठ मोड पडतो. न घासलेल्या कातड्यावर रंध्रं दिसतात, एखादा ओरखडाही असतो, आणि दाबल्यावर बारीक सुरकुत्या सगळीकडे पसरतात. तळाबद्दल एकच प्रश्न विचार: तो डकवलेला आहे की शिवलेला? कातड्याच्या पट्टीला, म्हणजे वेल्टला, तळ शिवलेला असेल तर झिजल्यावर फक्त तळ उसवून नवा घालता येतो, वरच्या भागाला धक्का लागत नाही. किमतीचा हिशेब याच गोष्टीवर फिरतो. साधे डकवलेले बूट स्वस्त पडतात, पण तळ गेला की सगळाच बूट जातो. चामड्याचा तळ मात्र घेऊ नकोस, ओल्या बेसाल्टवर तो घसरतो; खोल नक्षीचा रबरी तळच हवा. आल्प्समध्ये १९३५ साली सहा गिर्यारोहक दगावले, त्यानंतर इटलीच्या व्हिटाले ब्रामानी यांनी डोंगरासाठी तसा तळ तयार केला. तो चामड्याच्या बुटालाही शिवता येतो.

पावसाळ्याचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा घाटात चामडं वाळायला सवड मिळत नाही, बुरशी धरते, टाके कुजतात. त्या दोन महिन्यांसाठी गमबूट किंवा साधे कृत्रिम बूट वेगळे ठेव. उरलेल्या काळात भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळव. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलेस तर कातडं तडकेल.

माप द्यायला सकाळी जाऊ नकोस, दिवसभर पायपीट झाल्यावर संध्याकाळी जा, आणि फील्डवर घालतेस तेच जाड मोजे पिशवीत असू देत. दोन्ही पायांचं माप उभं राहून घ्यायला सांग. पैसे ठरवण्याआधी दुसरी फिटिंग किमतीत धरली आहे का, ते स्पष्ट विचार. आणि कलबूत तुझ्या नावाने जपून ठेवणार का, हेही विचार, म्हणजे पुढचा जोड शिवताना मापापासून सुरुवात करावी लागणार नाही.

तुझा,
मामा