मोहाडीच्या वाडीला छत कोणते?

प्रश्न : धानाच्या बांधीला लागून आमची दहा गुंठ्यांची भाजीची वाडी आहे. मे महिन्यात सांबार, पालक करपतो आणि श्रावणात टमाटर सडते. पॉलिहाऊस घ्यावे, शेडनेट घ्यावे की साध्या मांडवावर भागेल?
(एक वाचक, मोहाडी, जि. भंडारा)

उत्तर : पॉलिहाऊस नको. थंड मुलखातल्या लोकांनी काचघरे बांधली ती ऊब कोंडायला. प्लॅस्टिकच्या कागदातून ऊन आत येते आणि तापलेली हवा आतच अडकते. तुमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो, तिथे आणखी ऊब कोंडून करायचे काय? 35 अंशांपुढे टमाटराचा फुलोरा गळायला लागतो. पंखे आणि ओले पॅड लावून आतली हवा गार करता येते, पण ते वीजबिल सांबाराच्या जुडीतून निघायचे नाही.

तुमची दोन दुखणी वेगवेगळ्या ऋतूंतली आहेत. उन्हासाठी शेडनेट घ्या. पालेभाजी आणि रोपांना 50 टक्के सावलीची जाळी, फळभाज्यांना 35 टक्क्यांची पुरते. दुकानदार 75 टक्क्यांची पुढे करील, पण तिच्याखाली रोपे नुसती उंच आणि लुकडी होतात. बाजू मोकळ्या ठेवा. जाळी अशी बांधा की आभाळ भरून आले की गुंडाळता येईल; पावसाळ्यात मुळातच ऊन कमी, त्यात सावली कशाला?

पावसापुढे शेडनेटचा उपयोग नाही, थेंब बारीक होतो इतकेच. टमाटरासाठी त्याच सांगाड्यावर, फक्त माथ्यावर, उतार देऊन 200 मायक्रॉनचा अतिनील-रोधक पारदर्शक कागद टाका. अर्थात छत वरचे पाणी अडवते. शेजारच्या बांधीचे पाणी खालून झिरपते त्याचे काय? उंच गादीवाफे आणि खोल चर नसतील तर वरचा खर्च वाया.

बारीक कीडरोधक जाळीने चारही बाजू बंद करायचा मोह होईल. मिरचीवर चुरडामुरडा आणणारी पांढरी माशी तिने अडते, हे खरे. पण मधमाशीही बाहेर राहते. मिरची, वांगी, टमाटर यांचे तिच्यावाचून बरेचसे निभते. दोडके, कारली, भोपळ्याचे नाही, कारण त्यांची नर आणि मादी फुले वेगळी. वेलांना आपला उघडा मांडवच बरा, नाहीतर रोज सकाळी फुले हाताने फळवत बसाल.

सुरुवात एका गुंठ्यापासून, बांबूच्या सांगाड्याने करा. जमिनीत जाणाऱ्या टोकांना डांबर लावा. पावसाळ्याआधीच्या वादळात जाळी फाटते ती बहुधा सैल बांधल्याने.

लोखंडी पाइपाचे शेडनेट करायचेच ठरले, तर एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून ठरलेल्या खर्चमर्यादेच्या 50 टक्के अनुदान मिळते. अर्ज महाडीबीटीवर करायचा. रोपे विकायचा विचार असेल तर 2020 साली सुरू झालेली अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनाही पाहा. आकार आणि दिशा ठरवायला साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि पूर्वसंमती हातात येण्याआधी एकही पाइप विकत घेऊ नका.