संमोहनानं हात धुणं थांबेल का?

‘सूनबाई दिवसभर हात धुते. दुधाची पिशवी, बाजारातली भाजी, चपलांचा कोपरा, सगळ्याचा तिला विटाळ वाटतो. बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात. जवळच्या गावात संमोहन उपचाराचं शिबिर आहे. तीन बैठकांत कायमची सुटका, असं जाहिरातीत लिहिलंय. नेऊ का तिला?’ असं एका मावशींनी कळवळून विचारलं आहे. हाच प्रश्न अनेक घरांत असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मावशी, त्या शिबिराला तिला नेऊ नका. संमोहनात तथ्य नाही, असं माझं म्हणणं नाही. पण सूनबाईंचा आजार ज्या पद्धतीनं चालतो, त्याला तीन बैठकांचं संमोहन पुरं पडत नाही आणि कधी कधी ते आजाराच्याच उपयोगी पडतं.

या आजाराला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो: हाताला घाण राहिली, गॅस चालू राहिला, देवासमोर मनात शिवी आली. जीव कासावीस होतो. मग धुणं, तपासणं, मोजणं किंवा मनातल्या मनात जप करणं सुरू होतं आणि थोडा वेळ बरं वाटतं. ते थोडा वेळ बरं वाटणंच घातक आहे. धुतलं म्हणूनच वाचलो, असा धडा मेंदू घेतो आणि पुढच्या वेळी आणखी जोरानं धुवायला लावतो. आपण करतोय ते अती आहे, हे बहुतेक रुग्णांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून ‘तुला कळत कसं नाही?’ या प्रश्नानं फक्त जखम होते. देशात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर हजार प्रौढांमागे सुमारे ८ जणांना हा आजार आढळला. तुमची सून एकटी नाही.

यावर सर्वांत भक्कम पुरावा असलेल्या मानसोपचाराची सुरुवात १९६६ साली लंडनमध्ये झाली. व्हिक्टर मेयर यांनी मंत्रचळाच्या दोन रुग्ण स्त्रियांना ज्याची भीती वाटते त्याच्या समोर नेलं आणि त्यानंतरचे विधी करू दिले नाहीत. दोघींनाही चांगला उतार पडला. आज या पद्धतीला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी म्हणतात. ती जबरदस्तीनं करत नाहीत. रुग्ण आणि उपचारक मिळून भीतीची चढण ठरवतात. आज दाराच्या कडीला हात लावायचा आणि न धुता बसायचं. ते जमलं की दुधाची पिशवी, मग चपलांचा कोपरा, आणि पुढे कधीतरी त्याच हातांनी पोळी खायची. अस्वस्थता चढते, पण न धुताही ती बहुतेक वेळा उतरते. एखाद्या दिवशी उतरली नाही, तरी ती सोसता येते हे कळतं. हे अंगानं शिकावं लागतं, कुणी सांगून येत नाही. जोडीला फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन किंवा फ्लुव्होक्सामीन यांसारखी औषधं असतात. मंत्रचळात त्यांचा डोस अनेकदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि खरा परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून गोळ्या सोडणारे रुग्ण मला फार भेटतात. तसं करू नका.

आता संमोहनाकडे येते. संमोहन म्हणजे झोप नाही आणि कुणाच्या ताब्यात जाणंही नाही. लक्ष एका ठिकाणी खोलवर लागतं, भोवतालचं भान मागे सरतं आणि उपचारकाच्या सूचना मनाला अधिक सहज लागू पडतात. ही क्षमता सगळ्यांत सारखी नसते. वेदनेवर त्याचा उपयोग जुना आहे. भूल देण्याची औषधं यायच्या आधी, १८४५ मध्ये, बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेल या डॉक्टरनं त्या काळच्या मेस्मेरिझमच्या तंत्रानं रुग्णांना गुंगवून शस्त्रक्रिया केल्या होत्या. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ साली पोटाच्या आयबीएस या त्रासावर संमोहनाचा चांगला परिणाम दाखवला. दंतवैद्याची भीती, एखाद्या तपासणीच्या वेळची वेदना, इथेही ते कामी येतं. मंत्रचळाच्या बाबतीत मात्र आपल्या हाती मुख्यतः एकेका रुग्णाचे वृत्तांत आणि लहान अभ्यास आहेत. तेवढ्या भरवशावर मी कुणाचाही मुख्य उपचार सोडणार नाही.

शिवाय या आजाराचा एक स्वभाव आहे: तो मिळेल त्या दिलाशाचा विधी करून टाकतो. संमोहनात उपचारक हळुवारपणे म्हणतो, ‘तुमचे हात स्वच्छ आहेत, तुम्ही सुरक्षित आहात.’ ऐकायला छान वाटतं. पण घरी तुम्ही दिवसातून अनेकदा सुनेला ‘झालं गं स्वच्छ’ म्हणता, त्याचीच ही आवृत्ती झाली. दोन दिवसांनी शंका परत येते आणि तोच दिलासा पुन्हा हवासा वाटतो. मग संमोहनाची ध्वनिफीत ऐकल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल पडत नाही. काहींची शंका तर संमोहनालाच चिकटते: मला खरंच तंद्री लागली होती का, मधेच डोळे उघडले म्हणजे सूचना वाया गेली का, पहिल्यापासून परत करू का? हे ज्याच्या लक्षात येत नाही, त्या उपचारकाच्या हाती सूनबाईंना सोपवू नका.

याहून मोठा धोका ‘मूळ कारण’ उकरण्याचा आहे. बाळंतपणानंतर काही आयांच्या मनात, आपल्या हातून बाळाला इजा होईल, असे भयंकर विचार येतात. मंत्रचळाचं हे एक नेहमीचं रूप आहे. ती आई त्या विचारानं हादरलेली असते, सुरीला हात लावत नाही, बाळाला अंघोळ घालायला घाबरते. अशा आईला तंद्रीत नेऊन कुणी ‘तुझ्या अंतर्मनात राग दडलाय’ असं सांगितलं, तर तिच्या भीतीवर शिक्कामोर्तब होतं. हा विचार तिची इच्छा नाही, आजाराचं लक्षण आहे, हे तिला पहिल्याच भेटीत कळायला हवं. तंद्रीत ‘आठवलेल्या’ गोष्टी खऱ्याच असतात असंही नाही. सूचनेमुळे न घडलेल्या प्रसंगाची आठवणसुद्धा मनात तयार होऊ शकते. आणि मागच्या जन्मात जाऊन कारण शोधणाऱ्यांपासून तर लांबच राहा. तो वैद्यकीय उपचार नव्हे.

मग संमोहनाला जागा कुठे? केस उपटणं, त्वचा खुडणं, नखं खाणं या सवयी मंत्रचळाच्या जवळच्या, पण वेगळ्या आहेत. तिथे हात नकळत जातो. त्यावर पहिला उपचार म्हणजे सवयबदलाचं प्रशिक्षण. अझ्रिन आणि नन यांनी ते १९७३ मध्ये मांडलं. हात कधी, कुठे, कोणत्या मनःस्थितीत जातो ते टिपायचं आणि त्या क्षणी मूठ घट्ट आवळून धरण्यासारखी दुसरी हालचाल करायची. ‘हात केसांकडे निघाला की लगेच जाणवेल’ अशी संमोहनातली सूचना त्याच्या जोडीला देऊन पाहायला माझी हरकत नाही. मंत्रचळातही एखादी व्यक्ती इतकी धास्तावलेली असते की पहिली पायरीच चढवत नाही. तिच्याकडून ती पायरी आधी कल्पनेत चढवून घ्यायला अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ संमोहनाचा वापर करू शकतात. त्यानंतर दाराच्या कडीला प्रत्यक्ष हात लावायचा असतोच. भास होत असतील, उन्मादाचे झटके येत असतील किंवा फिट्स येत असतील, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय संमोहन नकोच.

मावशी, मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जा. ‘ईआरपी करता का? घरी काय सराव द्याल? संमोहन वापरणार असाल तर नेमकं कशासाठी?’ असं स्पष्ट विचारा. ‘कायमची सुटका’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत या. जवळ कुणी नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

तोवर तिच्यासाठी पिशव्या धुऊन देणं, चपला लपवणं वाढवू नका, पण एका दिवसात सगळं तोडूही नका. काय आणि किती कमी करायचं, ते सून, उपचारक आणि घरच्यांनी मिळून ठरवायचं असतं, म्हणून पहिल्या भेटीला मुलालाही सोबत न्या. आणि ती जेवणखाण टाळू लागली किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलली, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.