गोठा, मैदान आणि मित्र

तुमच्यापैकी कोणाच्या घरी शेळ्या असतील, कोणाच्या शेजारी म्हशींचा तबेला असेल. जनावर आजारी पडले की घरातील सगळे काळजीत पडतात, हे तुम्ही पाहिले असेल. मुके जनावर आपले दुखणे सांगू शकत नाही. ते ओळखण्याची विद्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात.

मुंबईत परळ येथे असे महाविद्यालय 1886 सालापासून आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही अशी महाविद्यालये आहेत. 2000 साली नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. ही सर्व महाविद्यालये त्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत. येथील शिक्षण साडेपाच वर्षांचे असते. त्यातील शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. त्याला आंतरवासिता म्हणतात.

साडेपाच वर्षे हा थोडा काळ नव्हे. नवा विद्यार्थी घर सोडून वसतिगृहात येतो. पुस्तके इंग्रजीत असतात आणि आवारात बोलणे मराठीत चालते. उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी कधी कधी बुजतो. 'माझे मराठी चुकले तर लोक हसतील,' असे त्याला वाटते. मग तो खोलीतून वर्गात आणि वर्गातून खोलीत, एवढेच करतो. त्याला गुण चांगले मिळतात. पण पुढे काय होते?

एके दिवशी शेतकरी येतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, म्हैस कालपासून वैरणीला तोंड लावत नाही." आता विचारायला हवे, 'म्हैस रवंथ करते का? शेण कसे टाकते? दूध किती कमी झाले?' शेतकऱ्याचे उत्तर नीट समजले नाही, तर इलाज चुकतो. नुकसान मात्र त्या गरीब माणसाचे होते. म्हणून महाविद्यालयाच्या जीवनात मिसळणे ही केवळ मौजेची गोष्ट नाही. तो अभ्यासाचाच भाग आहे.

मग मिसळायचे कसे? सुरुवात गोठ्यापासून करावी. सकाळी दूध काढण्याच्या वेळी तेथे जावे. गोठ्यातील कामगार वर्षानुवर्षे जनावरे सांभाळतात. त्यांना 'काका' म्हणून आदराने विचारावे. गाईजवळ एकदम मागून जाऊ नये, आवाज देत बाजूने जावे, अशा गोष्टी ते सहज सांगतात. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू आणि घोड्याचे शिंगरू हे शब्द तेथे कानावर पडतात आणि कायमचे लक्षात राहतात.

दुसरी जागा म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. ही योजना 1969 साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तिच्यात सात दिवसांचे शिबिर असते. विद्यार्थी खेड्यात राहतात. पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांना तेथे फार मोठे काम असते. पावसाळ्यापूर्वी जनावरांना घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस का द्यावी, हे लोकांना समजावून सांगता येते. कुत्रा चावला तर जखम साबण व पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावे, हे मुलांना सांगता येते. एवढ्या माहितीनेही एखाद्याचा जीव वाचू शकतो.

2022 साली महाराष्ट्रात गाई-बैलांमध्ये लम्पी चर्मरोगाची साथ पसरली. अनेक जनावरे दगावली. तेव्हा गावोगावी लसीकरण करावे लागले. आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यांनीही त्या कामाला हातभार लावला. ज्यांना गावकऱ्यांशी बोलण्याची सवय असते, त्यांचे काम अशा वेळी सोपे होते, हे उघड आहे.

तिसरी जागा मैदान आणि रंगमंच. खेळाच्या संघात किंवा स्नेहसंमेलनातील नाटकात भाग घेतला की वेगवेगळ्या जिल्ह्यांतील मित्र मिळतात. कोणी धनगराचा मुलगा असतो, त्याला मेंढ्यांची माहिती असते. कोणी धाराशिवकडचा असतो, तो काळ्याभोर उस्मानाबादी शेळीबद्दल सांगतो. आपल्यालाही जे माहीत आहे, ते त्यांना सांगावे. देण्याघेण्याने मैत्री वाढते.

मात्र एक गोष्ट विसरू नये. सगळीकडे नाव नोंदवले आणि कोठेच गेलो नाही, तर काय उपयोग? पहिल्या वर्षी एक किंवा दोनच कामे घ्यावीत. पण ती मनापासून करावीत. वर्गातील हजेरी आणि अभ्यास यांकडे दुर्लक्ष करू नये.

मुलांनो, यासाठी महाविद्यालयात जाईपर्यंत थांबू नका. जनावर, दवाखाना, इलाज, तबेला, हजेरी हे शब्द मराठीत आहेत आणि ते तुम्ही उर्दूतही रोज ऐकता. मग मराठी परकी कशी? आजच शेजारच्या शेतकऱ्याला त्याच्या बैलाचे नाव विचारा. बोलताना एखादा शब्द चुकेल. तो माणूस हसेल आणि बरोबर शब्द सांगेल. शिकणे असेच असते.

शब्दार्थ
आवार – इमारतीभोवतीची मोकळी जागा
बुजणे – लाजून मागे राहणे
वैरण – जनावरांचा चारा
रवंथ करणे – गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून चावणे
दगावणे – मरणे
हातभार लावणे – मदत करणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आंतरवासिता म्हणजे काय?
(आ) राष्ट्रीय सेवा योजना कोणत्या साली सुरू झाली?
2. शेतकऱ्याचे बोलणे समजले नाही तर काय होईल? चार-पाच वाक्यांत लिहा.
3. जोड्या लावा.
गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा – शिंगरू, करडू, वासरू, कोकरू, रेडकू
4. उपक्रम : जवळच्या गोठ्याला भेट द्या. तेथील माणसाशी मराठीत बोला आणि ऐकलेले पाच नवे शब्द वहीत लिहा.