आधी पडदा, मग बाकीचं

मनू, तो लाल दिव्यांचा गेमिंग लॅपटॉप घ्यायची घाई करू नकोस गं. पंचाऐंशी हजार, तेही चोवीस महिन्यांच्या हप्त्यावर, आणि तू आत्ता कुठे बारशी-डोहाळजेवणांच्या फोटोंची कामं घ्यायला लागलीयस. आषाढात एखादा महिना कोरडा गेला तरी हप्ता काही थांबत नाही. हौसेला मोल नसतं हे मलाही मान्य आहे, पण हे तुझं पोटापाण्याचं साधन होणार आहे. म्हणून जे कुणी दुकानदार सांगणार नाही ते मी सांगते.

दुकानात पहिली चर्चा प्रोसेसरची होते, मग ग्राफिक्स कार्डाची. पडद्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, '45 टक्के एनटीएससी'. फोन आणि प्रिंटिंग लॅब साधारणपणे ज्या रंगांच्या मापात काम करतात त्याला एसआरजीबी म्हणतात, आणि असला पडदा त्यातले जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग दाखवतो. 144 हर्ट्झ वगैरे जे मोठ्या अक्षरात असतं ते पळत्या चित्रासाठी. आपला फोटो तर जागेवर थांबलेला असतो.

आता याचा तोटा कसा होतो बघ. हळदीचा फोटो तू त्या पडद्यावर उघडलास. पिवळा रंग मलूल दिसतो, पैठणीचा हिरवा विटल्यासारखा वाटतो. साहजिकच तू रंग चढवतेस, अजून थोडा चढवतेस. नवरीच्या बहिणीने तोच फोटो आपल्या चांगल्या फोनवर उघडला की हळद भडक होते आणि नवरीचा चेहरा केशरी. तुझी नजर चांगली आहे, हात चांगला आहे, पण नाव तुझंच खराब होणार. म्हणून दुकानात पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा: 'हा पडदा एसआरजीबी किती टक्के दाखवतो?' उत्तर आलं नाही तर पुढचं बोलणंच नको.

माझं ऐकशील तर लॅपटॉपचा नादच सोड. तू एडिटिंग घरी बसून करतेस, लग्नघरी नाही. साधा डेस्कटॉप घे आणि त्याच्यासोबत वेगळा चांगला मॉनिटर घे. चोवीस इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा, 99 टक्के एसआरजीबी दाखवणारा मॉनिटर साधारण दहा ते पंधरा हजारांत येतो. पुढे डेस्कटॉपचा डबा बदललास तरी मॉनिटर राहतो, आणि दहा वर्षं हेच काम करायचं तुझ्या मनात असेल तर त्याच्यावर हात आखडता घेऊ नकोस.

मॉनिटर बघायला जाताना पेनड्राइव्हवर तुझेच फोटो ने. दुकानात लावलेला समुद्र आणि पोपट कुठल्याही पडद्यावर सुंदरच दिसतात. एक फोटो हळदीचा घे. एक सावळ्या चेहऱ्याचा, सावलीत काढलेला. एक नवरदेवाच्या काळ्या कोटाचा. कोटाच्या घड्या वेगवेगळ्या दिसतात का सगळा कोट काळा गोळा झालाय, ते बघ. सावळ्या चेहऱ्यावर हिरवट किंवा जांभळट झाक येत नाही ना, ते बघ. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू उजळत जाणारी राखाडी पट्टी उघड. ती सलग दिसायला हवी, मध्येच पायऱ्या पडता कामा नयेत. शेवटी खुर्चीतून उठून डावीकडून, उजवीकडून आणि उभ्याने बघ. रंग बदलले तर ते पॅनेल आपल्या कामाचं नाही. तिथला माणूस कंटाळेल. कंटाळू दे, पैसे तू मोजणार आहेस.

घरी आणल्यावर त्याच्या मेनूत जाऊन एसआरजीबी मोड लाव, 'व्हिव्हिड' आणि आपोआप कॉन्ट्रास्ट बदलणारं जे काही असेल ते बंद कर, विंडोजची नाइट लाइटही बंद. आणि ब्राइटनेस खाली आण. आपल्याकडे 'अल्बम काळा आला' अशी जी तक्रार होते तिच्यात बऱ्याचदा लॅबचा काही दोष नसतो. मॉनिटर इतका उजळ ठेवलेला असतो की गडद फोटोही तिथे उजळ भासतो. लॅबमधून आठ-दहा फोटो छापून आण, ते पडद्याशेजारी चांगल्या उजेडात धर आणि दोन्ही जुळेपर्यंत ब्राइटनेस उतरव. रंग मोजायचं यंत्र मिळतं, पण तू एकटीने ते विकत घेण्याची गरज नाही. चार जणींत मिळून घ्या.

आता रॅम. तू करिझ्मा अल्बमची शीट लावायला शिकतेयस ना? 12 बाय 36 इंचांची एक शीट 300 डीपीआयला म्हणजे 3600 गुणिले 10800 पिक्सेल. तिचा नुसता एक पूर्ण थर मेमरीत 110 एमबीच्या वर जातो. पार्श्वभूमी, पाच-सहा फोटो, सावल्या, नक्षी असं करत एक शीट सहज अर्धा-एक जीबी होते, आणि तू एका वेळी तीन शीट उघड्या ठेवतेस. शिवाय ब्राउझर, व्हॉट्सॲप चालूच. त्यामुळे 8 जीबीत भागवायचा विचारसुद्धा करू नकोस. 16 हवीच, आणि पुढे 32 करता येईल अशी सोय हवी. 2025 च्या शेवटापासून रॅम महाग झालीय, म्हणून आज सगळी घेणं जमलं नाही तर निदान रिकामा स्लॉट असलेलं मशिन घे. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलंस की किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते लिहिलेलं दिसतं. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाग देऊन चिकटवलेली असते, ती वाढवता येत नाही. डेस्कटॉप घे म्हणण्याचं हेही एक कारण.

स्टोरेजचं फार लांबवत नाही. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू काम एनव्हीएमई एसएसडीवर, 512 जीबीची पुरेल. झालेली कामं वेगळ्या मोठ्या हार्डडिस्कवर.

डबा जुना घ्यायला लाजू नकोस. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले ऑफिसचे डेस्कटॉप काढून टाकतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर असा माल मिळतो, आणि आपल्या जिल्ह्याच्या गावातही कुणी ना कुणी ठेवतोच. फक्त पिढी बघायची. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. नाव वाचायला सोपं आहे. आय5-8500 असं लिहिलं असेल तर आडव्या रेघेनंतरचा 8 म्हणजे आठवी पिढी. 'आय7 आहे मॅडम, एकदम टॉप' असं सांगून कुणी चौथ्या पिढीचं मशिन गळ्यात मारायला बघेल, तिथे ठाम राहा. जीएसटीचं बिल आणि लेखी वॉरंटी घे, आणि आतली जुनी डिस्क काढून नवी एसएसडी टाकून घे. दुसऱ्याने झिजवलेल्या डिस्कवर लोकांची लग्नं ठेवायची नाहीत.

एक बारीक गोष्ट, पुढे उपयोगी पडेल. या डेस्कटॉपमध्ये बारक्या चणीचे डबेही असतात. दिसायला गोंडस, जागा कमी खातात, पण त्यांच्यात पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड मावत नाही आणि त्यांचा पॉवर सप्लायही बेताचा असतो. तू उभा टॉवर घे. ॲडोबीच्या लाइटरूममध्ये 2023 च्या एप्रिलपासून फोटोतले दाणे काढणारं जे एआय डिनॉइज आलंय ते सगळं काम ग्राफिक्स कार्डावर करतं; कार्ड नसेल तर एकेका फोटोला काही मिनिटं लागतात. मंगल कार्यालयातल्या कमी उजेडातले शंभर फोटो साफ करायचे म्हटले तर रात्र सरेल. आज तुझ्याकडे तेवढं काम नाही, म्हणून कार्ड आज नको. लग्नं मिळायला लागली की त्याच टॉवरमध्ये बसवून घेशील. तोवर लाइटरूम क्लासिक घेतलंस तर त्यात स्मार्ट प्रिव्ह्यू बनवून त्यांच्यावर एडिटिंग कर. मूळ फाइलऐवजी लांब बाजूला 2540 पिक्सेलची हलकी प्रत वापरली जाते, आणि साध्या मशिनवरही स्लायडर अडखळत नाहीत.

तू मॅक मिनीचंही विचारलं होतंस. एम4 वाला 2024 मध्ये भारतात आला तो 59,900 पासून, 16 जीबीसह, आणि मशिन खरंच उत्तम आहे. पण मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे, आत जागा 256 जीबीच, आणि रॅम कधीच वाढवता येत नाही. बाबांकडून उसने घेऊन तो घेण्यात मला शहाणपण दिसत नाही.

दुकानदार म्हणेल, 'फोटोशॉप फुकट टाकून देतो.' नको म्हण. मला हे अगदी मनापासून वाटतं. क्रॅकसोबत आत काय काय येतं ते कुणाला कळत नाही, आणि तुझ्या मशिनवर परक्या घरच्या लेकीबाळींचे फोटो असणार आहेत. डार्कटेबल आणि गिंप फुकट आहेत. ॲफिनिटी तर ऑक्टोबर 2025 पासून फुकट झालंय, आणि शीट लावायला चांगलं आहे. दोन लग्नं झाली की ॲडोबीचं वर्गणीचं बघू.

आणि बॅकअपचे पैसे बजेटमध्ये आधीच बाजूला काढ, उरले तर बघू असं नाही. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. 24 मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण 25-30 एमबीची, म्हणजे दीड हजार फोटोंचं लग्न 40 जीबीच्या आसपास. एक पोर्टेबल डिस्क मावशीकडे ठेव. कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करायची ती तिन्ही प्रती उघडून बघितल्यावरच. यूपीएसही हवाच, तुमच्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. फाइल सेव्ह होत असताना लाइट गेली तर ती शीट परत पहिल्यापासून लावावी लागू शकते.

या रविवारी दुकानात जाशील तेव्हा मॉनिटरच्या खोक्यावरचा मॉडेल नंबर आणि डब्यावरच्या प्रोसेसरच्या स्टिकरचा फोटो काढून मला पाठव. मी दोन्ही तपासून कळवते, मगच ॲडव्हान्स दे.