फोर-व्हील कधी टाकायचं, कधी काढायचं?

प्रश्न : पावसाळ्यात शेतातून गाडी काढताना पिकअप ‘फोर-एच’वर (चारही चाकांना जोर) टाकतो. डांबरीवर आलो की वळणावर गाडी अडखळते, आणि ‘टू-एच’ (फक्त मागच्या चाकांना जोर) केलं तरी डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा विझत नाही. काय बिघडलं असेल?
– एक शेतकरी वाचक, भोर

उत्तर : बहुधा काहीच नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. पण तुमच्यासारख्या पिकअपमध्ये ‘फोर-एच’ टाकलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडते. दोन्हींना एकाच वेगाने फिरावं लागतं. चिखलात चाकं थोडी घसरून हा फरक जिरवतात, कोरड्या डांबरावर तशी सोय नाही. मग ताण शाफ्टमध्ये साठतो, गिअरचे दात एकमेकांत आवळून बसतात आणि सुटत नाहीत. दिवा त्यामुळेच राहतो. स्टिअरिंग सरळ धरून चार-पाच फूट रिव्हर्स घ्या. बहुतेक वेळा ‘खट्’ आवाज होतो आणि दिवा जातो. लिव्हरशी कुस्ती खेळू नका.

म्हणून बांधावरून डांबरीला लागायच्या आधीच, मऊ जमिनीवर ‘टू-एच’ करा. चालत्या गाडीत ‘टू-एच’चं ‘फोर-एच’ करता येत असलं, तरी मॅन्युअलमधली वेगमर्यादा पाळा, आणि मागचं चाक जागेवर गरगरत असताना तर मुळीच टाकू नका. ‘फोर-एल’साठी (चारही चाकांना जोर, पण कमी वेगाचा गिअर) गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रल हवाच.

टायरच्या मापातल्या फरकानेही शाफ्टमध्ये असाच ताण साठतो. चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले आहेत ना? मागे नवे, पुढे गुळगुळीत हा आपल्याकडचा काटकसरीचा प्रकार इथे महागात पडतो. एवढं करूनही दिवा राहिला, तर स्विच-वायरिंग तपासून घ्या.